पहिला मणी

जांभळ्या पाण्याने भरलेल्या काचपात्रात विश्राम हळबेने पिचकारीने जिवाणूंच्या द्रावणाचे तीन थेंब सोडले आणि तो घड्याळाकडे बघत बसला. पाणी इचलकरंजीच्या एका कपडे रंगवणाऱ्या कारखान्यातून आणलेले होते, म्हणजे नुसते जांभळे नव्हते, विषारीही होते. चाळीस मिनिटांत त्याचा रंग फिका पडला, तासाभरात ते नितळ झाले, आणि पलीकडे उभ्या असलेल्या निखत मुजावरने न राहवून टाळी वाजवली.

ती टाळी विश्रामला झोंबली. पंचेचाळीस वर्षांचा, बाजारातली मक्तेदारी तपासणाऱ्या स्पर्धा न्यायासनाचा तंत्रतज्ज्ञ, चार माणसांत शांत आणि न्यायी म्हणून नावाजलेला हा गृहस्थ. पण या जिवाणूसाठी कोणी टाळी वाजवली की त्याच्या पोटात नेमके बरगडीखाली दुखू लागे. कारण जिवाणू मंदाकिनी तेरदाळेचा होता. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत जी त्याच्या शेजारच्या टेबलाशी काम करायची, जिला साधे द्रावण गाळताना दोनदा विचारावे लागायचे, ती मंदा! आज तिचा फोटो शाळेच्या पुस्तकात होता, आणि विश्राम तिच्या परवान्यातली कलमे तपासत बसला होता.

"सर, मी दहावीनंतर जीवशास्त्राला रामराम ठोकलाय," निखत म्हणाली. ती न्यायासनाची विधी अधिकारी. कायदा तिला तोंडपाठ होता आणि जे कळत नाही ते विचारायची लाज नव्हती. "हे नेमकं काय घडलं, ते मला सोप्यात सांगा. अहवालाचा कायद्याचा भाग मला लिहायचाय."

विश्रामने हातमोजे काढले. "जिवाणूवर विषाणू हल्ला करतो. हजारातले नऊशे नव्याण्णव मरतात, एखादा तगतो. तो तगलेला काय करतो, त्या विषाणूचा एक छोटा तुकडा कापून आपल्या जनुकांत ओवून ठेवतो. पुढे तोच शत्रू आला तर ओळखता यावा म्हणून. दुसरा शत्रू आला की दुसरा तुकडा. नवा मणी नेहमी पुढच्या टोकाला, जुना एकेक घर मागे. याला आम्ही स्मृतिमाला म्हणतो."

"म्हणजे अगदी मागचा मणी सगळ्यात जुना?"

"हो. आणि क्रम कधीच बदलत नाही. माणूस वहीतलं पान फाडेल, जिवाणूला ते जमत नाही."

"आणि तो पहिला मणी शत्रूचाच असणार?"

"नेहमीच. हल्ला झाल्याशिवाय माळ सुरूच होत नाही."

निखतने ते टिपून घेतले. "मग तेरदाळे बाईंनी वेगळं काय केलं?"

हा प्रश्न येणार हे विश्रामला ठाऊक होते. "तिच्या जिवाणूच्या माळेचं तोंड मोठं आहे. ती नुसते शत्रूचे तुकडे घेत नाही, शेजारी राहणाऱ्या कुठल्याही सूक्ष्मजीवाकडून कामाचं जनुक उचलते. नव्या रंगाचं पाणी मिळालं की महिन्याभरात तो रंग पचवायला शिकते. म्हणून नाव रंगाहारी. आणि शिकलेल्या वसाहतीचा चमचाभर गाळ दुसऱ्या टाकीत टाकला की तिथली वसाहतही तेच शिकते."

"विरजणासारखं!"

"विरजणासारखंच," विश्राम म्हणाला. "म्हणून तर ही केस उभी राहिली."

केस सरळ होती. अप्पासाहेब मगदूम नावाच्या इचलकरंजीच्या कारखानदाराने रंगाहारीचा परवाना घेतला होता. त्यांच्या टाकीतली वसाहत एक भलताच चिवट काळा रंग पचवायला शिकली. शेजारच्या कारखान्याला तोच रंग छळत होता. मगदूमांनी चमचाभर गाळ बरणीत घालून शेजाऱ्याला दिला. परवान्यात मात्र तीन कलमे होती. पहिले परतदान कलम: परवानाधारकाच्या टाकीत जिवाणू जे काही नवे शिकेल, ते फक्त तेरदाळे जैवप्रक्रिया या मंदाच्या कंपनीच्या मालकीचे. दुसरे, परवानाधारकांनी आपसात देवाणघेवाण करायची नाही. आणि तिसरे किल्लीद्रव: दर महिन्याला कंपनीकडून येणारे एक द्रावण टाकीत घातले नाही, तर वसाहत मरते. बरणीची गोष्ट कंपनीला कळली आणि मगदूमांचे किल्लीद्रव थांबले. चोविसाव्या दिवशी टाकी मेली, कारखान्याला टाळे लागले आणि साठ माणसे घरी बसली.

"पेटंट बाईंचं आहे, ते कुणी हिसकावून घेत नाहीये," निखत म्हणाली. "कायद्याचा सौदा असा, की ज्याला सुचलं त्यानं ते जगाला उघड समजावून सांगायचं, आणि त्या बदल्यात वीस वर्षं एकट्यानं उपभोगायचं. आपल्यापुढे प्रश्न एवढाच की या अटी तिचा शोध राखण्यासाठी आहेत, की त्याच्या आडून दुसऱ्यांची डोकी बांधून ठेवण्यासाठी. कुंपण स्वतःच्या शेताला घालावं, शेजाऱ्याच्या विहिरीला नव्हे."

"मूळ पेटंट सहा वर्षांनी संपतंय," विश्राम म्हणाला. "पण परत आलेल्या प्रत्येक मण्यावर तिनं नवं पेटंट घेतलंय. मणी वाढत राहतील तोवर हिचं राज्य संपायचं नाही."

"ते सिद्ध करता येईल?"

"माळ वाचली की झालं. कुठला मणी कुठल्या टाकीत आला ते तिथल्या सूक्ष्मजीवांवरून कळतं." हे म्हणताना त्याच्या आवाजात जो उत्साह आला, तो केवळ न्यायाचा नव्हता. मंदाशी ओळख असल्याचे त्याने नेमणुकीच्या वेळी रीतसर कळवले होते: सहाध्यायी, आर्थिक संबंध नाही. हेव्यासाठी त्या फॉर्मवर रकाना नव्हता.

इचलकरंजीला गेल्यावर मगदूमांनी त्याला मेलेली टाकी दाखवली. तळाला करडा, घाण वास येणारा साका. साठीचा, धोतर-टोपीतला हा माणूस टाकीच्या कठड्याला हात लावून असा उभा होता, की घरातले कोणी गेले असावे.

"सायेब, माझं चुकलं असंल तर सांगा," मगदूम म्हणाले. "पर शेजारणीनं विरजण मागितलं तर आमच्यात न्हाई म्हनत न्हाईत. आज तिचं नासलं, उद्या आपलं नासंल. तवा तिच्याकडनंच आणायचं असतंय की."

"तुमचं काही चुकलं नाही."

"मग ही साठ मानसं परत कामावर कवा घ्यायची, तेवढं बगा. त्यातल्या चाळीस जनांनी रोज आळीपाळीनं ढवळून ढवळून तिला त्यो काळा रंग शिकवला हुता. ते काय त्या बाईनं शिकवलं न्हाई."

विश्रामने त्यांना शब्द दिला. तो शब्द खरा होता. पण परतीच्या वाटेवर स्वयंचालित गाडीत डोळे मिटून बसल्यावर त्याच्यापुढे मगदूमांची टाकी आली नाही, पडलेल्या चेहऱ्याची मंदा आली, आणि त्याला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

पहिल्या सुनावणीत त्याने आपले सूत्र मांडले, ते फार सोपे होते: मणी ज्याचा, हक्क त्याचा. मंदाच्या प्रयोगशाळेत ओवले गेलेले मणी मंदाचे, मगदूमांच्या टाकीतला मणी मगदूमांचा. कंपनीला तो वापरायचा तर योग्य मोबदला देऊन वापरावा, आणि मगदूमांनी तो शेजाऱ्याला द्यावा की नाही हे मगदूमांनी ठरवावे. "मणी का आला, कसा आला, मुद्दाम आला की चुकून, हे पाहण्यात न्यायासनाने शिरू नये," त्याने अहवालात लिहिले होते. "कोणाकडून आला, एवढेच पाहावे. ज्या मण्याचा धनी सापडणार नाही, तो सर्वांचा."

अध्यक्षा न्यायमूर्ती खांडेपारकर यांना सूत्र आवडले. कंपनीच्या वकिलांनी सुरक्षिततेचा मुद्दा काढला, गुंतवणुकीचा काढला, आणि शेवटी माळ वाचायला मान्यता दिली. फक्त मागचे तीन मणी व्यापारगुपित म्हणून झाकलेले राहावेत, एवढीच विनंती केली.

विश्राम ताडकन उठला. "माळ वाचायची तर शेवटच्या मण्यापर्यंत. झाकायला काय आहे त्यात?"

न्यायमूर्तींनी ते मान्य केले. बाहेर पडताना जिन्याजवळ मंदाने त्याला गाठले. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता, पण बोलणे तेच, समोरच्याकडे न बघता.

"विश्राम, ते तीन मणी राहू दे की."

"का? कुणाचे ढापलेस?"

आता तिने त्याच्याकडे पाहिले. "तुझ्या भल्याचं सांगत्ये. बाकीचे चारशे उघड. तेवढ्यानं तुझं काम होतंय."

"माझ्या भल्याची काळजी तू कधीपासून करायला लागलीस?" विश्राम म्हणाला आणि जिना उतरला. उतरताना त्याला इतके हलके वाटत होते, की शेवटच्या दोन पायऱ्यांवरून त्याने उडीच मारली. म्हणजे चोरी होती तर! सतरा वर्षे आपल्या पोटात जे दुखत होते ते उगाच नव्हते. ज्या शोधासाठी तिला डोक्यावर घेतले गेले, तो तिचा नव्हताच. चोराच्या मनात चांदणे, म्हणतात ते खोटे नाही.

बुधवारी दोन्ही बाजूंच्या समोर मालावाचक यंत्र सुरू झाले. मणी पुढून मागे एकेक करून पडद्यावर उमटत गेले. एकूण चारशे सतरा. त्यांतले तीनशे अठ्ठ्याऐंशी परवानाधारकांच्या टाक्यांतले निघाले. एकट्या मगदूमांचे अकरा. निखत प्रत्येक गावाचे नाव मोठ्याने वाचत होती, आणि मागच्या रांगेत बसलेले कारखानदार आपले गाव आले की एकमेकांना कोपर मारत होते. त्यामागचे अठ्ठावीस मंदाच्या प्रयोगशाळेतले, निर्विवाद तिचे. मग सगळ्यात मागचा, पहिला मणी.

"विषाणूचा तुकडा," यंत्र चालवणाऱ्या तज्ज्ञ बाई म्हणाल्या. "जगातल्या कुठल्याच सूचीत नाही. आणि हे बघा, माळेचं तोंड मोठं करणारी ओळ याच तुकड्यात आहे. हा मणी आला नसता, तर पुढचा एकही आला नसता."

"म्हणजे खरा शोध हाच?" निखतने विचारले.

"तसंच म्हणावं लागेल."

विश्राम पडद्यापुढे उभा होता. तिथे ए, टी, जी, सी ही चार अक्षरे उलटसुलट मांडलेली होती. सुरुवातीला सलग नऊ वेळा एकच अक्षर, मग एक जोडी, मग तीच जोडी उलट. बाकीच्यांना ती नुसती अक्षरे होती. त्याने मात्र ती एके काळी पाढ्यासारखी घोकली होती. त्याने खुर्चीची पाठ धरली.

तो विषाणू त्याचा होता.

सतरा वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठच्या एका ओढ्यातून त्याने तो शोधून काढला होता. त्याची सगळी अक्षरे उलगडली होती, आणि ती कोणालाही दाखवली नव्हती. छापले तर कोणीतरी उचलेल, त्यावर आपल्याआधी पुढे जाईल, या धास्तीने त्याने ती वही कपाटात ठेवून कुलूप लावले. मोठा लेख लिहू, मग एकदम उघड करू. तो लेख कधी झालाच नाही. छापले असते, तर या क्षणी पडद्यावर त्या मण्याशेजारी हळबे हे नाव आपोआप उमटले असते.

आणि तो विषाणू मंदाच्या चंबूत कसा गेला, हेही त्याला आठवले. खरे तर ते तो कधी विसरलाच नव्हता, त्याने ते फक्त हिशेबात धरले नव्हते. त्या वर्षी प्रयोगशाळेच्या सरांनी परदेशातली शिष्यवृत्ती मंदाला दिली. शनिवारी दुपारी प्रयोगशाळा रिकामी होती. मंदाचा चंबू तिच्या टेबलावर होता, आणि त्यातल्या जिवाणूला मारणारा विषाणू विश्रामच्या बाटलीत होता. त्याने पाच मिलिलिटर ओतला. तिची दोन वर्षांची मेहनत सोमवारपर्यंत सडावी, एवढीच इच्छा. सोमवारी चंबू ठणठणीत दिसला, तेव्हा मंदाने नवा बनवला असेल असे समजून तो आणखीच जळला होता.

हजारातले नऊशे नव्याण्णव मेले होते. एक तगला होता. पहिला मणी नेहमी शत्रूचाच असतो, हे त्यानेच निखतला शिकवले होते.

निकाल त्याच्या सूत्राबरहुकूम लागला. परतदान कलम रद्द, देवाणघेवाणीची बंदी रद्द, किल्लीद्रव मागेल त्याला वाजवी दरात द्यायचे. अठ्ठावीस मणी मंदाचे, त्यांचे पेटंट अबाधित. पहिल्या मण्याचा धनी "अज्ञात योगदाता". त्याने साठ दिवसांत पुराव्यानिशी पुढे यावे, नाहीतर तो मणी सार्वजनिक. आणि तो सार्वजनिक झाला की, मंदाचे अठ्ठावीस वगळून, त्या मण्यापासून नवा रंगाहारी कोणीही वाढवावा, कोणाचा परवाना लागणार नाही.

मंदा न्यायासनाच्या उपाहारगृहात कोपऱ्यातल्या टेबलावर बसली होती. विश्राम आपण होऊनच तिच्यासमोर जाऊन बसला. तिने पर्समधून कागदात गुंडाळलेली वस्तू काढून मध्ये ठेवली. कापसाचा पिवळा पडलेला बोळा, जाळीच्या कापडात बांधलेला. बांधलेला दोरा हिरवा होता.

त्या प्रयोगशाळेत रीतच होती. चंबूच्या तोंडाला लावायचे बोळे प्रत्येकाने आपापले बनवायचे आणि ओळखीसाठी आपल्या रंगाच्या दोऱ्याने बांधायचे. मंदाचा दोरा लाल होता.

"सोमवारी सकाळी चंबू माझा आणि बोळा तुझा," मंदा म्हणाली. "घाईत बदललास. आधी मला वाटलं, मदत केलीस. मग तुझ्या बाटलीवरची चिठ्ठी वाचली."

विश्रामने हिरव्या दोऱ्याला बोट लावले. "तक्रार का नाही केलीस?"

"तक्रार केली असती तर तुला काढून टाकलं असतं. आणि शोध अर्धा तुझा झाला असता." ती हसली, पण ते हसणे त्याच्यासाठी नव्हते. "तू माझ्यावर जळायचास ते अख्ख्या कोल्हापूरला ठाऊक होतं. मी तुझ्यावर जळत्ये ते तुला कधी कळलंच नाही. प्रत्येक सत्काराला, विश्राम, हार गळ्यात पडला की मला हा हिरवा दोरा दिसायचा. मी दोन वर्षं राबले आणि तू मला मारायला आलास, आणि जमलं ते तुझ्या मारण्यानं. माझ्या राबण्यानं नव्हे. त्यावर काय करायचं माणसानं?"

"म्हणून परतदान कलम?"

"म्हणूनच. मूळचं आपलं नाही हे ज्याला ठाऊक असतं ना, तो पुढचं सगळं मुठीत धरतो. लोकांचा एकेक मणी माझ्या नावावर करत गेले. म्हटलं, एवढे होतील की तो पहिला दिसेनासा होईल." तिने बोळा त्याच्याकडे सरकवला. "आता ऐक. दावा कर. तुझी वही असेल अजून. मी साक्ष देत्ये."

"तुझा काय फायदा?"

"तुझा या गोष्टीत हितसंबंध निघाला की तुझा अहवाल बाद. अहवाल बाद म्हणजे निकाल बाद, कलमं जिथल्या तिथं. नवी चौकशी व्हायला चार वर्षं. तोवर रंगाहारी तुझा आणि माझा, अर्धा अर्धा. पुस्तकात दोन फोटो. तू गप्प बसलास तर दोघांनाही काही नाही."

विश्राम घरी आला तो बोळा खिशात घेऊन. वही कपाटात होती, कुलपाची किल्ली कुठे आहे तेही आठवत होते. साठ दिवसांत त्याने ती सात वेळा बाहेर काढली. दाव्याचा फॉर्म भरून पाहिला. "योगदानाचे स्वरूप" या रकान्यात काय लिहावे, हे काही सुचेना. आणि तसे पाहता लिहायची गरजच नव्हती, कारण मणी का आला हे विचारू नये, असे त्यानेच तर न्यायासनाला पटवले होते. नाव, कीर्ती, टाळ्या, ज्या ज्या गोष्टीवर तो सतरा वर्षे जळला, ते सगळे एका सहीवर उभे होते.

त्याने सही केली नाही. मगदूमांच्या साठ माणसांसाठी केली नाही, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. त्यांचा विचार त्याच्या मनात आला, नाही असे नाही; दिलेला शब्दही आठवला. पण रात्रंदिवस त्याला कुरतडत होते ते वेगळेच. सही केली तर मंदाकडे अर्धे राहते. सही केली नाही तर तिच्याकडे काहीच राहत नाही. आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात, ते ऐकायला वेडेपणाचे वाटते. पण ज्याच्या पोटात सतरा वर्षांचे दुखणे असते, त्याला नाकाची तेवढी पर्वा राहत नाही. एकसष्टाव्या दिवशी पहिला मणी सर्वांचा झाला. विश्रामने वही परत कपाटात ठेवली.

खंडेनवमीला मगदूमांनी त्याला आग्रहाने बोलावले. कारखाना सुरू होऊन महिना झाला होता. यंत्रे धुऊनपुसून झेंडूने सजवली होती, साठ माणसे नवे कपडे घालून बायकामुलांसह आली होती, आणि टाकीतून बाहेर पडणारे पाणी इतके स्वच्छ होते की पोरे त्यात पाय बुडवून बसली होती. मंदाही आली होती. मगदूमांनी तिलाही निमंत्रण धाडले होते. "झालं गेलं पंचगंगेला मिळालं," ते म्हणाले. "अठ्ठावीस मणी त्यांचेच हाईत की."

टाकीच्या कठड्यावर पाट मांडून त्यावर एक माळ ठेवली होती. मगदूमांच्या पत्नीने ती स्वतः ओवली होती, मोजून चारशे सतरा मणी. तीनशे अठ्ठ्याऐंशी रंगीत काचेचे, अठ्ठावीस पांढरे, आणि अगदी शेवटी एक चांदीचा.

"ह्यो चांदीचा त्या न सांगितलेल्या मानसाचा," मगदूम म्हणाले. "साठ दिवस वाट बगितली सरकारनं. आला न्हाई. घ्यायचं म्हनलं असतं तर काय कमी हुतं त्याला? पर जगाला देऊन टाकलं, नाव सुदीक लावलं न्हाई. अशी मानसं आता ऱ्हायली न्हाईत, सायेब. पयलं हळदकुंकू त्याला, आन् ते तुमच्या हातनं."

विश्रामने हळदकुंकू वाहिले. त्याने मान वर केली नाही, ते लोकांना भक्तीचे वाटले. मग एकेक बाई पुढे आली. कोणी फूल वाहिले, कोणी लेकराचे डोके त्या मण्यापुढे टेकवले. एक म्हातारी चांदीच्या मण्यावरून बोटे ओवाळून कानशिलावर मोडत म्हणाली, "लेकरा, कुटं असशील तितं सुखी ऱ्हा."

आणि विश्रामच्या बरगडीखाली दुखू लागले. तेच ओळखीचे दुखणे, नेमक्या त्याच जागी. सवयीने त्याने मंदाकडे पाहिले, पण तिच्या गळ्यात हार नव्हता, तिच्याकडे कोणाचे लक्षही नव्हते. ती त्याच्याकडेच बघत होती. तेव्हा त्याला कळले की या वेळी आपण मंदावर जळत नाही. आपण जळतो आहोत त्या चांदीच्या मण्यावर. मोठ्या मनाच्या, निर्लोभी, नाव न लावणाऱ्या त्या माणसावर, ज्याच्यासाठी ही म्हातारी डोळे पुसते आहे. असे आपल्यासाठी आयुष्यात कोणी केले नव्हते, आणि आता कधी करणारही नव्हते. कारण असा माणूस कुठे नव्हताच.

"सायेब," मगदूम हळूच म्हणाले, "तुमी बी नमस्कार करा की."

विश्रामने हात जोडले.